तीन मोजेपर्यंत

१२ जून

लाडक्या ठकूस,

आजीचं पत्र आहे, घाबरू नकोस, सगळं ठीक आहे. पाकिटावरचं अक्षर बघून तुला वाटलं असेल कुणा लहान पोराचा खेळ आहे. पत्ता लिहिण्यातच माझी सकाळ गेली. तुझ्या विद्यापीठाचं नाव इतकं लांबलचक, की पाकीट संपलं आणि शेवटचा शब्द मागच्या बाजूला न्यावा लागला. चौथीतून शाळा सुटली, हातात सुई आली, त्यानंतर मी सही सोडून काही लिहिलेलं नाही. हसू नकोस. हसलीसच तर तेही लिहून कळव.

झालं काय, समोरच्या दारातल्या शेजारणीनं कपाट आवरायला काढलं आणि कोऱ्या कागदांचं अख्खं पुडकं मला आणून दिलं. म्हणाली, घ्या आजी, कापडाचे नमुने काढायला होतील. मी म्हटलं, नमुने कसले काढतेस, मी माझ्या नातीला पत्र लिहिणार. तर यापुढे फोन नको गं. फोनवरचं बोलणं फोन ठेवला की संपलं. पत्र कसं उशीखाली ठेवता येतं, परत काढून वाचता येतं. तसाही तुझा फोन हल्ली येत नाही. रागानं नाही म्हणत, कामात असशील.

इकडे माझं छान चाललंय. दार दिवसभर उघडंच असतं. शेजारीण म्हणते, एखाद दिवशी चोर शिरेल. मी म्हटलं, शिरू दे, चार गोष्टी सांगेन त्याला. तर म्हणते, "मग तो बिचारा सुटायचा कसा?" चोंबडी आहे, पण जीव लावणारी आहे. माझा रेडिओ मोठा असतो म्हणून तेवढी कुरकुरते. आता रेडिओ काय कुजबुजायला घेतलाय?

बरं, मुद्द्याचं राहिलं. तू तिथं नक्की काय करतेस ते मला नीट सांग. मी सगळ्यांना सांगते, माझी नात मास्तरांची मास्तरीण आहे. शेजारीण म्हणते, एवढे शिकलेले लोक, त्यांना कशाला हवी मास्तरीण? मी लगेच विषय बदलला. विषय बदलण्यात मी पटाईत आहे, हे तुला ठाऊकच आहे.

तुझी आई गेल्यापासून आपण दोघीच एकमेकींना. दोन ओळी तरी लिही.

तुझी आजी


२४ जून

प्रिय आजी,

हसले. लिहून कळवते आहे.

तुझं पत्र मी विभागाच्या जिन्यातच फोडलं. दोनदा वाचलं. गेली दोन वर्षं फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नव्हतीस आणि आता म्हणतेस दोन ओळी लिही. लिहिते.

शेजारणीला सांग, तिचा प्रश्न बरोबर आहे. आमच्याकडचे प्राध्यापक आपापल्या विषयात पक्के असतात, पण तो विषय दुसऱ्याला शिकवायचा कसा, हे त्यांना कुणी कधी सांगितलेलं नसतं. मी त्यांच्या वर्गात सगळ्यात मागच्या बाकावर बसते. मांडीवर वही, हातात सेकंद मोजायचं घड्याळ. वर्ग संपला की चहा घेताना काय दिसलं ते सांगते. निम्मे लोक मला बघून रस्ता बदलतात. एकानं तर शिकवणं थांबवून खडूच माझ्यापुढे धरला, "या, तुम्हीच घ्या."

घड्याळ कशासाठी, तर शिक्षक प्रश्न विचारतात आणि एका सेकंदात उत्तरही स्वतःच देऊन टाकतात. मुलांना तोंड उघडायला सवडच नाही. मी सांगते, प्रश्न विचारा आणि मनात तीन मोजेपर्यंत गप्प राहा. फार अवघड जातं त्यांना. वर्ग गप्प झाला की आपलंच काही चुकलंय असं वाटतं. पण जो थांबतो त्याच्या वर्गात तीन म्हणेपर्यंत एखादा हात वर होतोच.

सध्या माझ्याकडे दगडांचे सर आहेत. भूगर्भशास्त्र शिकवतात. निवृत्तीला दोन वर्षं उरलीत, घरी एकटेच असतात. लाकडी ट्रेमध्ये दगड घेऊन येतात, एकेक मुलांमध्ये फिरवतात. दगड धरावा कसा हे त्यांच्याकडून शिकावं. पण विचारतात, "काय दिसतं यात?" आणि मी घड्याळाचं बटण दाबायच्या आत म्हणतात, "बरोबर, थर दिसतात." वर्ग अर्धा रिकामा असतो. मुलांच्या तक्रारी गेल्या, म्हणून विभागप्रमुख बाईंनी मला पाठवलं. चौदा ऑगस्टला माझा अहवाल द्यायचा आहे. सुधारणा नाही असं मी लिहिलं, तर पहिल्या वर्षाचा वर्ग त्यांच्याकडून काढून घेतील आणि दगडांच्या कोठीत चिठ्ठ्या चिकटवायला बसवतील. चौतीस वर्षं शिकवल्यावर.

घरचं तुला फेब्रुवारीत फोनवर सगळं सांगितलं आहे. त्यावर पुन्हा लिहीत नाही.

ठकू


५ जुलै

लाडक्या ठकूस,

काय सुरेख पत्र लिहितेस गं. शेजारणीला अर्धं वाचून दाखवलं, अर्धं दाखवलं नाही, नाहीतर तिला वाटेल सगळं तिलाच कळायला हवं.

तुझं ते तीन मोजायचं मी करून बघितलं. शेजारणीला विचारलं, "चहा घेतेस?" आणि गप्प राहिले. एक म्हटलं, दोन म्हणेपर्यंत ती खुर्ची ओढून बसली होती. तिला तीनची गरजच पडत नाही. मलाच गप्प बसताना धाप लागल्यासारखं झालं. मास्तरांचे हाल मला कळले बघ.

आता मी एक सांगू? मी काही मास्तरीण नव्हे, पण काज शिकवलेत. कारखान्यात एका ओळीत तीस शिवणयंत्रं आणि टोकाला आम्ही हातानं काज करणाऱ्या. नवीन मुलगी आली की मुकादम तिला माझ्यापुढे बसवायचा. मी करून दाखवायचे, ती करायची, आणि सगळं उलटं व्हायचं. मुकादम ओरडायचा, मुलगी रडायची. मला वर्षभर कळलं नाही का ते. मग एकदा माझी खुर्ची मोडली म्हणून मी एकीच्या बाकावरच तिला चिकटून बसले, आणि ती दुपारपर्यंत काज शिकली. समोर बसलं की माझा उजवा हात तिच्या डाव्या बाजूला येतो गं. दोघी एकाच बाजूला बसलो की हात तिथल्या तिथे. त्यानंतर मी कुणालाही समोर बसवून शिकवलं नाही.

म्हणून म्हणते, तू सगळ्यात मागच्या बाकावरून मास्तरांचं काय बघतेस? टक्कल तेवढं दिसत असेल. एकदा त्यांच्या बाजूला बसून बघ, तिकडून वर्ग कसा दिसतो ते.

मला मोठी बढाई मारायची सवय आहे, वाईट वाटून घेऊ नकोस.

आणि घरचं सांगितलं होतंस ते ध्यानात आहे बरं. ऐकून फार आनंद झाला होता. नातजावयांसाठी निळं कापड आणून ठेवलंय, बारीक चौकडी आहे. शर्ट शिवते. काज हातानं करीन, यंत्राचे नाहीत. खांदा, छाती आणि बाहीचं माप लगेच पाठव.

तुझी आजी


२६ जुलै

आजी,

मापं माझ्याकडे नाहीत. तो फेब्रुवारीत घर सोडून गेला.

हे मी तुला त्याच आठवड्यात फोनवर सांगितलं होतं. वीस मिनिटं बोलत होते. तोवर दुसऱ्या कुणाला सांगितलं नव्हतं. माझं बोलून झालं तेव्हा तू म्हणालीस, "छान, छान. असेच आनंदात राहा दोघं." आणि फोन ठेवलास. मी तशीच पायरीवर बसून राहिले. आधी वाटलं, तुला धक्का बसला असेल. मग वाटलं, तुला ऐकायचंच नाही. म्हणून फोन करणं सोडलं. आता तू मापं मागते आहेस, आणि ऐकून आनंद झाला होता असं लिहिते आहेस. याला काय म्हणायचं ते मला कळत नाही.

मी इथे दोन खोल्यांत एकटी राहते. संध्याकाळी परत आले की कुलूप उघडताना आत कुणी नाही हे ठाऊक असतं, तरी बेल वाजवावीशी वाटते.

दगडांच्या सरांचं विचारशील म्हणून लिहिते. काल त्यांनी एक दगड फिरवला आणि विचारलं, काय दिसतं? मागच्या रांगेतला एक मुलगा मुद्दाम म्हणाला, "सर, हत्ती दिसतो." सर म्हणाले, "बरोबर, छान." सगळा वर्ग हसला. आणि आजी, सरही हसले, त्यांच्याबरोबर, मान डोलावत. मी मान खाली घातली. नंतर त्यांच्याशी बोलायला गेले, तर ते दगडांबद्दल असे काही बोलत सुटले, की मला मध्ये एक शब्द टाकता आला नाही. दारापर्यंत बोलत आले आणि मग दार लावून घेतलं.

अहवाल जवळजवळ लिहून झाला आहे. "विद्यार्थ्यांचं ऐकून घेण्याची इच्छा नाही," असं लिहिलं आहे. कठोर वाटेल, पण ऐकून न घेणारी माणसं मला आता सोसवत नाहीत.

ठकू


३१ जुलै

ठकू,

हे पत्र शेजारणीच्या हाती आत्ताच्या आत्ता पोस्टात पाठवते आहे, म्हणून अक्षर धावतंय. तो अहवाल अजून देऊ नकोस.

मला ऐकू येत नाही गं.

कारखान्यातल्या यंत्रांनी डावा कान आधीच नेला होता, उजवा हळूहळू गेला. समोर माणूस असलं, उजेड असला, तर ओठ बघून मला कळतं. शेजारीण रोज येते, तिलाही अजून पत्ता नाही, ती समजते आजी हट्टी आहे. दार मी वाऱ्यासाठी उघडं ठेवत नाही. कुणी वाजवलं तर कळत नाही म्हणून ठेवते. आणि फोनवर तर ओठही नाहीत. मधमाशी डब्यात कोंडल्यासारखा आवाज येतो, बस. तो आवाज थांबला की समजायचं, आता आपली पाळी. मग मी छान म्हणायचे. छान कुठेही चालतं असं वाटायचं मला.

तो दिवस मला आठवतो. तू पहिल्यांदाच इतका वेळ बोललीस. मी घड्याळ बघत होते, वीस मिनिटं झाली, आणि मला इतका आनंद झाला, की पोरीला आज आजीशी बोलावंसं वाटलं. तू काय बोलत होतीस ते मला ठाऊक नव्हतं. तुझ्या पत्रात घरचं सांगितलंय असं वाचलं, तेव्हाही विचारायची हिंमत झाली नाही. विचारलं असतं तर सगळंच उघडं पडलं असतं. म्हणून शर्टाचं लिहिलं. काय मूर्ख बाई आहे मी. ते कापड मी कपाटात मागे सारलंय.

का लपवलं विचारशील. तुला कळलं तर तू हळूहळू सांगायचं सोडशील, असं वाटलं. म्हातारीला कशाला ओरडून सांगायचं, जाऊ दे. अशी जाऊ दे झालेली माणसं मी कारखान्यात पाहिलीत. लपवूनही शेवटी तेच झालं.

आता मास्तरांचं. ठकू, ते बहिरे आहेत. मी पैजेवर सांगते. जो प्रश्न विचारून थांबत नाही, त्याला उत्तर येईल याचीच भीती असते. उत्तर आलं आणि कळलं नाही तर काय करायचं? त्यापेक्षा आपणच देऊन टाकावं. बरोबर म्हणावं. सगळे हसले की आपणही हसावं, जरा उशिरा चालतं, पण हसावं. आणि कुणी एकट्यानं गाठलं की बोलत सुटावं, कारण आपण बोलत असलो की कुणी काही विचारत नाही. मी एवढी बडबडी कधीपासून झाले, आठवून बघ. मी पूर्वी अशी नव्हते.

त्यांना चारचौघांत विचारू नकोस. मोठ्यानं तर अजिबात नको. एकटे असताना कागदावर लिहून विचार. लिहिलेलं वाचताना माणसाला लाज जरा कमी वाटते, हे मी स्वतःच्या अनुभवानं सांगते.

तू बेल वाजवावीशी वाटते म्हणून लिहिलंस, ते मी कितीदा वाचलं.

आजी


१९ ऑगस्ट

प्रिय आजी,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी रजा टाकली. दुसऱ्या दिवशी सरांच्या वर्गात गेले आणि मागे न जाता पुढे, त्यांच्या टेबलाजवळ, वर्गाकडे तोंड करून बसले. तिथून पहिल्या दोन रांगांतल्या मुलांचे ओठ दिसतात. मागच्या मुलांच्या माना खाली, तोंडावर हात. तिकडून आवाज येतो तेव्हा कोण बोललं तेसुद्धा दिसत नाही. दोन महिने मी ज्या बाकावर बसून त्यांची परीक्षा घेत होते, तो बाक त्यांना नीट दिसतही नव्हता.

मग त्यांच्या खोलीत गेले. ते लगेच बोलायला लागले. मी कागद पुढे सरकवला. "सर, तुम्हाला मागच्या रांगेतलं ऐकू येतं का?"

ते बोलायचे थांबले. चष्मा काढला, पुसला, परत घातला. मी मनात तीन मोजले. मग तीस मोजले. मग मोजायचं सोडून दिलं. शेवटी त्यांनी पेन्सिल घेतली आणि त्याच कागदावर लिहिलं, "हे कुणाकुणाला माहीत आहे?"

मी लिहिलं, "मला आणि माझ्या आजीला."

"आजींना कसं कळलं?"

"त्याही सगळ्याला छान म्हणतात."

ते हसले, आजी. वर्गात हसतात तसं नाही. डोळे पुसेपर्यंत हसले. मग बराच वेळ खिडकीकडे बघत बसले. मीही बसले. कुणीच काही बोललं नाही आणि काही बिघडलंही नाही.

आता वर्गात दगडाबरोबर एक कोरी चिठ्ठी फिरते. दगड हातात असेपर्यंत काय दिसलं ते मुलांनी लिहायचं, आणि सर वाचून एकेकीवर बोलतात. पहिल्याच दिवशी एका चिठ्ठीवर हत्ती आला. त्याच मुलाचा असणार. सरांनी ती मोठ्यानं वाचली आणि म्हणाले, "सोंड कुठे आहे ते पुढे येऊन दाखव." मुलगा आला, कानापर्यंत लाल झालेला. दगडात एक वळलेली रेघ होती, त्यावर बोट ठेवलं. सर म्हणाले, "ही सोंड म्हणजे थराला पडलेली घडी. जमीन दोन्ही बाजूंनी दाबली गेली की अशी घडी पडते. इतक्या वर्षांत याला सोंड कुणी म्हटलं नव्हतं." मग त्यांनी घडीवर पाऊण तास घेतला. कुणी हसलं नाही. शेवटच्या दोन मुली तेवढ्या उठून गेल्या.

अहवालात मी ते वाक्य खोडलं. त्यांच्या कानांचं काही लिहिलं नाही, ते त्यांनी स्वतः बाईंना सांगितलं. बाईंनी एक सत्र दिलं आहे. पुढचं कुणाला ठाऊक नाही. सर कानाचं यंत्र घेऊन आलेत, पण खिशात ठेवतात. म्हणतात, लावलं की सगळा वर्ग डोक्यात शिरतो.

फेब्रुवारीत तुला जे सांगितलं होतं, ते परत लिहायला दोनदा बसले. जमलं नाही. वर्गातलं लिहिताना हात कसा भराभर चालतो बघ, आणि स्वतःचं आलं की थांबतो. रजा मिळाली की येते. दार उघडं असेलच.

ठकू


२८ ऑगस्ट

लाडक्या ठकूस,

सोंडेचं वाचून मला इतकं बरं वाटलं, की मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

माझंही यंत्र आहे, डॉक्टरांनी तीन वर्षांपूर्वी दिलेलं. सुयांच्या डब्यात होतं. काल लावलं. शेजारीण एवढी बोलते हे मला ठाऊकच नव्हतं. तिलाही सांगितलं सगळं. ती जरा रडली, मग म्हणाली, "म्हणजे मी तीन वर्षं तुम्हाला माझ्या सासूचं सांगत होते ते वाया गेलं?" मी म्हटलं, पहिल्यापासून सांग. तर मास्तरांना कळव, इकडे एका म्हातारीनं लावलंय. खिशात ठेवून त्याला काय कळणार कोण बोलतंय ते.

फोनवर अजूनही मधमाशीच आहे. राहू दे.

मला अजून पुष्कळ लिहायचं होतं. कारखान्यातलं, मुकादमाचं, तुझ्या आईला लहानपणी कुठला रंग आवडायचा ते. पण रात्रंदिवस मीच बोलत आले आहे. म्हणून हे पान असंच पाठवते. खाली एकच प्रश्न लिहिलाय, पुढचा सगळा कागद कोरा ठेवलाय आणि सोबत आणखी दोन कोरे जोडलेत. याच कागदावर लिही आणि हाच परत पाठव. एक ओळ आली तरी चालेल, रडून भिजला तरी चालेल. महिना लागला तरी मी मध्ये एक शब्द घालणार नाही.

फेब्रुवारीत काय झालं, ठकू?